पिसांची बंडी

करोल बाग, नवी दिल्ली
फेब्रुवारी १९६३

प्रिय अविनाश,

रविवारी मी रुग्णालयात आलो नाही, तेव्हा तू काय ताडले असशील ते मला ठाऊक आहे. गुणवंतने काम उरकले आणि आता तोंड दाखवायला लाजतो आहे, असेच ना? तसे नाही. सगळे क्रमाने सांगायचे आहे आणि तुझ्यासमोर बसलो की माझा क्रम चुकतो, म्हणून लिहितो आहे. आधी कच्चे लिहिले, शब्दकोश काढून तपासले, मग पक्के लिहायला घेतले. मॅट्रिकच्या आधी शाळा सुटलेल्या माणसाला एवढे तरी नीट जमले पाहिजे. वर्गात तू माझ्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ हुडकून काढायचास आणि पुढच्या बाकापर्यंत फिरवायचास. या पत्रात तुला एकही सापडणार नाही. शोधून बघ.

तू सांगितलेले काम पुन्हा लिहितो, म्हणजे आपल्यात गैरसमज नको. लडाखच्या बर्फाने तुझ्या दोन्ही पायांची बोटे नेली आणि तू इथे दिल्लीतच, छावणीतल्या रुग्णालयात पडून आहेस, हे कुमुदला कळू द्यायचे नाही. तिला वाटते तू अजून वर ठाण्यावर आहेस, ते तसेच वाटू द्यायचे. मी तिच्या घरी जाऊन एवढेच सांगायचे की अविनाशचे मन बदलले, त्याने साखरपुडा मोडला, पुढे विचारू नका. मी कारण विचारले तेव्हा तू म्हणालास, पांगळ्याच्या गळ्यात कुणी माळ घालू नये. आणि मी उठलो तेव्हा भिंतीकडे कूस वळवून हळूच म्हणालास, "तू आहेसच की तिच्याजवळ."

मी हो म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की तुलाही नवल वाटले असेल. शेजारच्या खाटेवरचा सुभेदार तर उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघायला लागला होता.

अवि, तुझा मला हेवा वाटतो. आजचा नाही. तुझे वडील सेक्रेटरिएटमध्ये, माझे गेलेले. तू कॉलेजात गेलास, मी अजमल खाँ रोडवर लाहोरहून आलेल्या मास्टरजींच्या शिवणाच्या दुकानात काजे करायला बसलो. तुझे बूट तुला लहान झाले की माझ्या पायात यायचे. तू सैन्यात गेलास तेव्हा मीही भरतीच्या रांगेत उभा राहिलो, आणि लोकांच्या छात्या रोज मोजणाऱ्या माझी छाती मापात बसली नाही. तू निघताना मला तुझी सायकल दिलीस, "ठेव, वापर" म्हणालास, जशी काही ती मी मागितली होती. साखरपुड्यात तुझ्या अंगावर जो राखी कोट होता तो मी शिवला. खांदे इतके बिनसुरकुतीचे बसले की कुमुदची आई चारचौघांत म्हणाली, जावई कसा शोभतो बघा. कोट कसा शोभतो हे कुणी म्हणाले नाही.

आता बंडीचे सांगतो, कारण सगळे तिच्यावरूनच झाले.

लढाई सुरू झाल्यापासून आमच्या गल्लीत बायका विणत सुटल्या होत्या. ज्या घरी जावे तिथे हिरव्या लोकरीचे गुंडे. एकट्या कुमुदला विणता येत नाही. तिने केलेल्या मफलरची एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर लांब झाली, तेव्हा अण्णासाहेब म्हणाले की पोरीने बी. एस्सी. करावे आणि जवानांना सुखाने लढू द्यावे. वडीलच असे बोलल्यावर ती सूड उगवणारच. डिसेंबरातल्या एका सकाळी ती दुकानात आली. मास्टरजी बाहेर गेले होते. ती माझ्याकडे एकटी आली आहे, एवढे कळायला मला जो क्षण लागला, तेवढा क्षण माझा होता. मग ती म्हणाली, अविसाठी काहीतरी करायचे आहे.

तिने पुस्तकातून एक पीस काढून माझ्या कापायच्या टेबलावर ठेवले. नखाने ते मधोमध फाडले, भेग पडली, आणि मग दोन बोटांच्या चिमटीतून खालून वर ओढले तर ते पुन्हा सांधले. अगदी पँटची चेन लावावी तसे. पिसाच्या प्रत्येक तंतूला बारीक बारीक आकडे असतात आणि ते एकमेकांत अडकतात, असे ती म्हणाली. पक्षी चोचीने दिवसभर पिसे विंचरतो तो नटवेपणा नसतो, तो निसटलेले आकडे लावत असतो. वरची पिसे अशी वारा आणि पाणी अडवणारी. त्यांच्या आत दुसरी असतात, आकडे नसलेली, नुसती भुरभुरीत लव. तिच्यात हवा अडकते, आणि ती अडकलेली हवाच पक्ष्याच्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. मग तिने मला दाराशी नेऊन विजेच्या तारेवरच्या चिमण्या दाखवल्या. थंडीने चेंडूसारख्या फुगल्या होत्या. मी म्हणालो, खाऊन माजल्यात. ती इतकी हसली की समोरचा सराफ बघायला लागला. त्या माजलेल्या नसतात, त्यांनी पिसे उभी करून आत हवा घेतलेली असते, म्हणाली. आणि असेच काहीतरी तू शीव.

तुला आठवते, तिच्या शेजारी बसायला मिळावे म्हणून मी शाळेत जीवशास्त्राचा तास कधी चुकवला नाही? आता ती पूर्ण तास एकट्या मला शिकवत होती आणि त्यात दर दुसऱ्या वाक्याला तू होतास.

पिसे आणायला आम्ही ओखल्याला गेलो. तिथे नदीकाठी एक जण बदके पाळतो, हे तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी सांगितले होते. बसमध्ये ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी, डबा माझ्या मांडीवर. एका म्हातारीने आम्हाला नवराबायको समजून आशीर्वाद दिला. कुमुदने तिची चूक सुधारली. मी सुधारली नसती. दोघांनाही कोंबडी-बदकांतले काही कळत नव्हते. तिचे घर शाकाहारी, माझे घर शाकाहारी, बदक म्हणजे चित्रातले. आम्ही आपली सर्वांत मोठी, सर्वांत देखणी, पंखांची लांब पिसे निवडून पोते भरले. बदकवाला बिडी ओढत शांतपणे बघत होता. पोते बांधून झाल्यावर त्याने विचारले, "बाबूजी, झाड़ू बनानी है क्या?"

ऊब पोटाखालच्या लवेत असते हे पुस्तकात वाचलेली मुलगीही त्या रुबाबदार पिसांना भुलली, याचा मला फार आनंद झाला. मग त्याने स्वतःच दुसरे पोते काढून दिले. आत काही आहे असे वाटतच नव्हते. मूठ घातली तर हाताला काही लागेना, नुसता हात उबदार झाला.

पुढचे अण्णासाहेबांच्या गच्चीवर झाले. पिसे रिठ्याच्या पाण्यात धुऊन मच्छरदाणीखाली वाळत घातली होती. मच्छरदाणीचे एक टोक मी नीट खोचले नाही, असे कुमुद म्हणते. मी नीट खोचले होते. वारा आला आणि सगळी लव जिन्यातून खाली गेली. अण्णासाहेब सोवळ्यात पूजेला बसले होते. ते वर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर, जानव्यावर, हातातल्या घंटेवर बदकांची पोटे होती. इतकी वर्षे केंद्र सरकारच्या फायली हाताळलेला माणूस, आवाज चढवीत नाही. त्यांनी एवढेच विचारले की या घरात नेमके काय चालले आहे याची मला लेखी माहिती मिळेल का. कुमुद म्हणाली, "अवि तिकडे गारठतोय, बाबा." अण्णासाहेब खाली गेले. मग पुन्हा आंघोळ करून आले आणि आमच्याबरोबर पिसे वेचायला बसले. तुझ्यासाठी, अवि. मी एकदा त्यांच्या घरी चपला घालून स्वयंपाकघरापर्यंत गेलो होतो, ते अजून काढतात.

पहिली बंडी मी फुकट घालवली. मला वाटले, जितकी पिसे जास्त तितकी ऊब जास्त. तिला दाखवायचे होते की गुणवंत हात राखून काम करीत नाही. चौकोन बारीक घेतले आणि प्रत्येकात अंगठ्याने दाबून दाबून लव भरली. बंडी अशी कडक झाली की टेबलावर आपली आपण उभी राहिली. मास्टरजी तिच्याभोवती फिरून म्हणाले, "मराठे, यह बंडी है या बक्सा?" अंगात घालून मी गच्चीवर गेलो तर शिवणीशिवणीतून वारा आत. कुमुदने हात लावून पाहिले आणि म्हणाली, "तू तिचा श्वासच कोंडलास रे. हवेला जागा कुठे ठेवलीस?"

मी घरी येऊन ती सगळी उसवली. फार वाईट वाटले, पण उसवताना तिचे म्हणणे पटले. दुसऱ्या खेपेला दोन थर वेगवेगळे केले. चौकोन मोठे, आत लव अर्धीच, म्हणजे तिला फुगायला वाव. आणि आतल्या थराची शिवण जिथे येते तिथे वरच्या थराच्या चौकोनाचे पोट येईल असे बसवले, पक्ष्याच्या अंगावर एका पिसाचा सांधा दुसऱ्या पिसाखाली झाकला जातो तसे. कापड घट्ट विणीचे घेतले आणि उलट्या बाजूने मेण घासले, कारण बदक शेपटीजवळच्या गाठीतले तेल चोचीने अंगभर लावते, असे तिने सांगितले होते. ती सांगायची, मी शिवायचो. संध्याकाळी दुकान आवरताना ती कॉलेजातून थेट यायची, मास्टरजी तिच्यासाठी चहा मागवायचे. असे दिवस पुन्हा येणार नाहीत, हे मला तेव्हाही कळत होते. काम लवकर संपू नये म्हणून मी कधी रेंगाळलो का? टाके मोजून बघ, सगळे सारखे आहेत. पण ही दुसरीही एकदा उसवली, हे खरे.

या दिवसांतच तुझा वॉर्डबॉय दुकानात निरोप घेऊन आला, मी छावणीत आलो, तुझे पाय पांघरुणाखाली पाहिले आणि तू ते काम सांगितलेस.

परत येताना मी सायकल हातात धरून बराच वेळ चालत होतो. खोटे लिहीत नाही, मला दुःख झाले. तुझ्या पायांकडे पांघरुणाचा उंचवटा फार लवकर संपत होता, तो डोळ्यांपुढून जात नव्हता. पण त्या दुःखाच्या शेजारीच दुसरे काहीतरी उभे होते आणि ते दुःख नव्हते. ती आता मोकळी आहे. मी एक वाक्य बोलायचे, बस. तेही माझे नाही, तुझे. मला ते पाठ करायचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बंडी पुरी झाली. ती घेऊन मी गच्चीवर गेलो. बंडी आणि तुझे वाक्य, दोन्ही घेऊन. कुमुद म्हणाली, घालून उभा राहा, इथेच, वाऱ्यात. तुझी छाती माझ्यापेक्षा भरदार आहे, पण उंची एक, म्हणून तुझ्या नावाने मी उभा राहिलो. उत्तरेचा वारा होता, पाण्याच्या टाकीवरचे होले अंग फुगवून बसले होते. थोड्या वेळाने तिने माझ्या मानेमागून, कॉलरच्या आत, पाठीवर हात घातला. तळवा गार होता. तो तिने तसाच ठेवला, ऊब कळेपर्यंत. अवि, हात माझ्या पाठीवर होता आणि ऊब ती तुझी तपासत होती. तुझा जितका राग मला त्या वेळी आला तितका कधी आला नव्हता. मनात म्हटले, आता सांगतो. आत्ता, हा हात निघायच्या आत.

ती म्हणाली, "लागली. बघ, लागली ऊब." मग हात काढून घेतला आणि उरलेल्या लवेची पिशवी उचलून म्हणाली की एवढ्यात मोजे होतील. बुटाच्या आत घालायचे, पिसांचे. पाय सर्वांत आधी गारठतात, पक्षीसुद्धा एक पाय पोटात घेऊन उभा राहतो. आणि मग म्हणाली, "त्याच्या पायाचं माप तुला ठाऊकच असेल. त्याचे बूट घालतच तू मोठा झालास." चिडवायला म्हणाली. खडू आणि कागद माझ्यापुढे केला.

तुझ्या पायाचे माप मला ठाऊक होते. तुझ्या बुटात पुढे बोटभर कापूस कोंबून मी चाललो आहे. मी खडू हातात घेतला. टाच काढली, घोट्याखालचा बाक काढला, आणि हात थांबला. पुढे काय काढू? पूर्ण पाऊल काढले असते तर ते चुकीचे माप होते. तुझे मन बदलले म्हणून मी तिला सांगू शकलो असतो. ते वाक्य तयार होते, जिभेवर होते. पण कापडासाठी कागदावर खोटे माप काढणे मला जमेना. त्या मापाने मोजे शिवले जाणार, आणि पुढची जागा रिकामी लोंबत राहणार.

मी म्हणालो, "कुमुद, बोटांसाठी जागा ठेवायची नाही."

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग कागदाकडे. ती शास्त्र शिकते, तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. कठड्याला धरून ती खाली बसली. रडली नाही, पिशवीतली लव मुठीत घट्ट धरून बसली. मग विचारत गेली आणि मी सांगत गेलो. कुठे आहे, किती दिवस आहे, जखम भरली का, चालता येईल का. डॉक्टर म्हणतात काठीने येईल, नंतर कदाचित काठीशिवायही, हेही सांगितले, कारण तू मला ते शेवटी, बिनमहत्त्वाचे असल्यासारखे सांगितले होतेस. मग तुझा निरोपही सांगितला, शब्दाला शब्द. फक्त शेवटचे वाक्य गाळले. पण ती आपल्या दोघांनाही पहिलीपासून ओळखते.

"आणि मला तुझ्यावर सोपवलं असेल," ती म्हणाली. मी खडू खाली ठेवला. "मी काय त्याची सायकल आहे? ठेव, वापर?"

मी मान खाली घातली. अंगात अजून तुझी बंडी होती आणि आत घाम फुटला होता. बंडी चांगली झाली आहे, अवि. दिल्लीच्या थंडीत अंगात ठेवता येणार नाही इतकी. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसले कोण जाणे, पण तिचा आवाज बदलला. ती म्हणाली, "गुणवंत, तू नसतास तर मला हे कधीच कळलं नसतं." हे वाक्य तिने फक्त माझ्यासाठी म्हटले, त्यात तू कुठेही नाहीस. ते मी ठेवून घेतले आहे.

तर लिहिण्याचे कारण असे. येत्या रविवारी भेटीच्या वेळी कुमुद येते आहे, बरोबर अण्णासाहेब आहेत. तुला कळवू नये अशी तिची मला ताकीद आहे, पण मी तुला ओळखतो. तू झोपेचे सोंग घेशील, नाहीतर दाढी वाढवून दीनवाणा बसशील, आणि असले काही बघायला मी तिला तिथे पाठवत नाही. तेव्हा दाढी कर. पाय पांघरुणाबाहेर ठेव, कारण ती मापे घेणार आहे. मी येणार नाही. पत्राबरोबर माझी टेप पाठवतो आहे. तिचे सुरुवातीचे टोक झिजले आहे, तेव्हा एकच्या आकड्यापासून मोजायला सांग आणि नंतर एक वजा करायला विसरू देऊ नकोस. माप घट्ट घेऊ नका, हवेला जागा ठेवा. मोजे मी शिवीन. बंडी खांद्यात तुला किंचित आवळेल, ती माझ्या अंगावर बेतली आहे, आणि मी ती सैल करणार नाही. सायकलला तेल घालून ठेवले आहे, घंटीही नवी बसवली. कुमुद सायकल नाही, हे तिने सांगितलेच. पण सायकल ही सायकलच आहे. ती मी परत देणार नाही.

तुझाच,
गुणवंत